मंगळावर आखाजी नसते

भाऊ,

तुझी दाढी अर्धीच झाली होती, हे वहिनीने मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. खिडकीच्या गजाला आरसा अडकवून तू नेहमीसारखा उभा होतास. डावा गाल झाला होता, उजव्या गालाला साबण तसाच होता, आणि तू हळूच खाली बसलास. पडला नाहीस, बसलास, हे ती पुन्हा पुन्हा सांगते. पडला असतास तर आवाज आला असता, मग मी चुलीपुढून धावले असते, असं तिचं दिवसभर चाललेलं असतं. तिने गावच्या न्हाव्याला बोलावून आधी उरलेला गाल करून घेतला आणि मगच माणसांना आत येऊ दिलं. मी धुळ्याहून पोचले तेव्हा तू गुळगुळीत चेहऱ्याने निजला होतास. शाळेची तपासणी असली की त्या दिवशी असाच दिसायचास.

माणसं येऊन बसतात आणि चांगलं बोलतात. सरांनी किती पोरं शिकवली, सरांनी हे गाव उभं केलं. मधेच कुणीतरी म्हणतं, सर वर गेले. ते ऐकलं की मला उठून आत जावंसं वाटतं. 'वर' हा शब्द आपल्या दोघांच्या भांडणातला होता. बारा वर्षं आपण त्यावरून भांडलो. माणसाने दुसऱ्या ग्रहावर जावं का, तिथे घर बांधून राहावं का. तू म्हणायचास, जावं. मी म्हणायचे, जाऊ नये. खेड्यातला एक मास्तर आणि कारकुनाची बायको, यांना कोण विचारतंय, म्हणून लोक हसायचे. आमच्या सासूबाई शिंदखेड्याकडच्या. त्या एकदाच बोलल्या, "आठे काय कमी शे? तठे मराले कसाले जावानं?" इथे काय कमी आहे, तिथे मरायला कशाला जायचं. तू त्यांच्या पाया पडून म्हणालास, "आजी, तुमचा मुद्दा सगळ्यात भारी." पण तू गमतीने भांडत नव्हतास, आणि मी तर मुळीच नव्हते. मी भिऊन भांडायचे.

माझी भीती तुला पहिल्यापासून ठाऊक होती. तापीतून पलीकडे जायला नाव असायची, तेव्हा मी डोळे मिटून तुझ्या सदऱ्याचं टोक धरून बसायचे. तू कधी हसला नाहीस. "धर," एवढंच म्हणायचास. पलीकडे उतरेपर्यंत सदऱ्याला सुरकुत्या पडलेल्या असायच्या.

मग ती तापीच आपल्या अंगणात आली. धरण झालं, त्याच्या फुगवट्यात आपलं गाव जाणार, असं कळलं. एदलाबादच्या अलीकडचं, काळ्याभोर जमिनीचं, केळी आणि कापसाचं आपलं गाव. माझं लग्न होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मला सगळं पत्रातूनच कळायचं. तू एका कार्डावर लिहिलं होतंस, "नवं गावठाण आठ किलोमीटरवर आहे. बरड माळ आहे. चुन्याने प्लॉट आखले आहेत. आमचा एकेचाळीस नंबर." दुसऱ्या कार्डावर लिहिलंस, "कोणी जायला तयार नाही. म्हणून आम्ही जातो."

पाणी यायला अजून सहा महिने होते. गावातलं एकही घर हललं नव्हतं. तू मात्र वहिनी, अकरा वर्षांची लेक वैशाली आणि आई यांना घेऊन त्या माळावर पत्र्याच्या खोलीत राहायला गेलास. पाणी टँकरचं होतं आणि सावली पत्र्याची होती. कोणीतरी पहिलं गेल्याशिवाय बाकीचे येत नाहीत, असं तुझं म्हणणं. ते खरंही झालं. तुझ्या मागोमाग चार घरं आली, मग वीस, मग सगळं गाव. लोक आता तेच सांगतात. आई तिथे कशी गेली, हे कोणी सांगत नाही.

त्या वर्षी आखाजीला मी आले. आपल्या खानदेशात अक्षय्य तृतीया म्हणजे लेकींची दिवाळी. सासरची लेक माहेरी येते, झाडाला झोका बांधते, आठ-पंधरा दिवस कोणी तिला काम सांगत नाही. तू मुऱ्हाळी म्हणून धुळ्याला न्यायला आलास. एसटीतून उतरले आणि मला माझं माहेर ओळखू येईना. सगळी घरं एकसारखी, सगळ्या गल्ल्या सरळ, ओळखीचं एक झाड नाही. तू सामान घेऊन पुढे गेलास आणि मी चपलेचा अंगठा तुटला म्हणून मागे राहिले. वर पाहिलं तर तू दिसेनास. दोन गल्ल्या मी भर उन्हात फिरले. शेवटी एका दारात बसलेल्या बाईला विचारलं, सरांचं घर कुठलं. माहेरी येऊन माहेर विचारावं लागलं, भाऊ.

झोका बांधायला झाड नव्हतं, म्हणून तू जुन्या घराचे दोन लाकडी खांब आणून माळावर पुरले होतेस. वर आडवं लाकूड, त्याला दोर. गल्लीतल्या पोरी रांगेत उभ्या होत्या. मी झोक्यावर बसले आणि तू मागून ढकलत होतास. तेव्हाच तू पहिल्यांदा मंगळाचा विषय काढलास.

"हे बघ," तू म्हणालास, "माती लाल, पाणी नाही, झाड नाही. मंगळ असाच आहे. आपण इथे राहू शकलो तर पुढे तिथेही राहू शकू."

"हवा आहे ना इथे," मी म्हटलं.

"हवेचं करता येईल."

"आणि माणसांचं?"

तू हसून म्हणालास, "माणसांचं बायकांना विचार. बायका तर कायमच जातात. तू गेलीस, आपली आई आली होती. गाव बदललं, नाव बदललं, तुझी तर बोलीसुद्धा बदलली. तरी तुम्ही राहिलात. तुम्हाला जमतं ते बाकीच्यांना का जमू नये?"

मी झोका पायाने थांबवला. "मी गेले ती आखाजीला परत येता येतं म्हणून गेले," मी म्हटलं. "मंगळावर आखाजी नसते, भाऊ. तिथे कोण मुऱ्हाळी येणार?"

पंधरा दिवसांनी कार्ड आलं, "तुझ्या आखाजीच्या मुद्द्यावर विचार चालू आहे." आमचा पोस्टमन कार्डं वाचायचा. तो मला म्हणाला, "ताई, हा कुठला मुद्दा?"

त्याच आखाजीत आणखी एक झालं होतं. ते मी तुला कधी सांगितलं नाही.

आई तोवर बरीच वाळली होती. पहाट झाली की ती कळशी घेऊन जुन्या गावच्या दिशेने चालू लागायची, हे तू मला सांगितलं होतंस. तू सायकलवरून जाऊन तिला परत आणायचास. मी परत निघाले त्या दिवशी सकाळी तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "मले घरी घेऊन चाल व माय. इठी मले कोनी वयखत नाही." तिथे सगळे आपलेच होते, सगळे तिला ओळखत होते. तिला म्हणायचं होतं ते माणसांबद्दल नव्हतं. मी म्हटलं, "हो आई, उद्या नेते." आणि तासाभराने एसटीत बसून धुळ्याला निघून आले.

पोळ्याच्या आधी आई गेली. तिच्या तेराव्याला सगळ्यांच्या देखत मी तुला म्हटलं, "तू नेलंस तिला. तू तिला माळावर आणून टाकलंस." तू मान खाली घालून ऐकलंस. 'उद्या नेते' म्हणून मी खोटं बोलले होते, त्याबद्दल मी एक अक्षर काढलं नाही. दोष अर्धा माझ्याकडे येईल म्हणून तो सगळा तुझ्यावर टाकला, आणि तू तो घेतलास.

चार वर्षांनी तू त्यावर उत्तर दिलंस, तेही वेगळंच निमित्त होऊन. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी तू आठवडाभर आमच्याकडे उतरला होतास. आमच्याकडे नवा टीव्ही आला होता. संध्याकाळच्या बातम्यांत अमेरिकेचं यान दाखवलं. वर चढलं, मिनिटभर गेलं आणि पांढऱ्या धुराचे दोन फाटे फुटले. आत माणसं होती. त्यांत एक शाळेतली बाई होती, मुलांना वरून धडा शिकवणार होती म्हणे. माझ्या हातातलं भाकरीचं पीठ हातातच राहिलं.

तू टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसलास. मग म्हणालास, "तिच्या वर्गातली पोरं बघत असतील गं."

"आणि तरी जायचं?" मी विचारलं.

"तरी."

"तुला बोलावलं तर?"

"जाईन."

आमच्या ह्यांनी उठून टीव्ही बंद केला. मी म्हटलं, "आपण आठ किलोमीटर गेलो तर आई टिकली नाही. आणि तू कोट्यवधी किलोमीटरची भाषा करतोस."

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. आवाज चढवला नाहीस. "आई गेली नव्हती," तू म्हणालास. "तिला नेलं होतं. धरणवाल्यांनी तिला विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. बायकोला विचारलं, पोरीला विचारलं, सामान कसं न्यायचं ते विचारलं. आईला गृहीतच धरलं होतं. माझी चूक ती आहे. जाणं ही चूक नाही. ज्याला विचारलं आणि ज्याने हो म्हटलं, त्यानेच जावं. ती बाई हो म्हणून गेली होती."

मला तेव्हाच सांगता आलं असतं, की आईने मला विचारलं होतं आणि मी तिला फसवलं. मी आत जाऊन ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत बसले. तुझं ताट वाढून झाकून ठेवलं, समोर आले नाही. रात्री जेवून तू ताट धुऊन पालथं घातलं होतंस.

वैशाली आमच्याकडे राहून धुळ्याला इंजिनिअरिंग शिकली, ती चार वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं. मला दोन्ही मुलगे, त्यांच्यामागे ती तिसरी. तिच्या खोलीत तू दिलेला मंगळ होता. फुटक्या माठाला गेरू लावून, त्यावर खळगे कोरून तू शाळेसाठी बनवलेला. रोज केर काढताना मी तो उचलून पुसायचे आणि त्याला मनात शिव्या द्यायचे. शेवटच्या वर्षी तिने दक्षिणेतल्या अंतराळ केंद्रात अर्ज केला. पत्ता माझा दिला, कारण गावठाणात टपाल दोन-दोन आठवडे यायचं नाही. मी त्याच सुमारास तिच्यासाठी जळगावचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घर आपलं, जळगाव म्हणजे एसटीने तीन तास. कधीही जाता येईल, कधीही आणता येईल.

आता जे लिहिते ते तुला माहीत होतं असं मला वाटतं. तरी लिहिते.

ते पाकीट एका दुपारी आलं. तपकिरी, वर दक्षिणेतल्या गावाचं नाव छापलेलं. वैशाली तेव्हा तुमच्याकडे गेली होती. मी पाकीट फोडलं नाही, फोडायची गरज नव्हती. फडताळात डब्यांखाली जो वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला असतो, त्याच्याखाली ते सरकवलं. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे ते धुराचे दोन फाटे होते. वैशाली काही यानात बसणार नव्हती, ती यंत्रांचे जोड तपासणार होती, हे मला कळत होतं. पण लांब गेलेलं माणूस परत येत नाही, एवढंच मला तोवरच्या आयुष्याने शिकवलं होतं. आई गेली, गाव गेलं. ही पोर तरी जवळ राहू दे.

वैशाली परत आली. रोज पोस्टमनला विचारायची आणि मी आत भांडी घासत ऐकायचे. नऊ दिवस मी डाळीचा डबा काढला की तो कागद पुन्हा सारखा करून ठेवायचे. दहाव्या दिवशी सकाळी ती चहा घेताना म्हणाली, "आत्या, त्यांनी नाही बोलावलं वाटतं. जाऊ दे. मी कमी पडले असेन." ते मला सहन झालं नाही. दुपारी तिच्या हातात पाकीट दिलं आणि म्हटलं, "आज आलं बघ. पोस्टात उशीर झाला असेल." मुलाखतीला चार दिवस उरले होते.

रिझर्व्हेशन मिळालं नाही. ह्यांनी तुला तार केली, तू गावठाणाहून थेट भुसावळ स्टेशनला आलास. मी तिला घेऊन तिथे आले. दोन रात्रींचा प्रवास तुम्ही साध्या डब्यातून केलात, तिला बाकावर जागा मिळाली आणि तू दाराशी ट्रंकेवर बसून गेलास. पन्नाशी उलटलेला माणूस. गाडी यायच्या आधी तू म्हणालास, बघू ते पत्र. पत्र वाचलंस, मग पाकीट उलटं करून टपालाचा शिक्का पाहिलास. धुळ्याच्या पोस्टाचा शिक्का स्पष्ट होता, तारखेसकट. तू तो नीट वाचलास. मग माझ्याकडे पाहिलंस. मी फलाटावरच्या नळाकडे बघत होते.

तू पाकीट खिशात ठेवलंस आणि म्हणालास, "डब्यात लोणचं घातलंस का गं?"

"घातलंय."

"मग झालं."

भाऊ, तू तेव्हा मला दोन शब्द सुनावले असतेस तर बरं झालं असतं. आईच्या तेराव्याला मी तुला भर पंगतीत बोलले होते. फिटंफाट झाली असती. पण तू पाकीट खिशात घालून गेलास. वैशालीला ती नोकरी लागली. पुढे अडीच वर्षं, दर भाऊबीजेला, दर आखाजीला मी वाट बघायचे की आज विचारेल. आज विचारेल म्हणून मी तुझ्यासमोर एकटी बसायची टाळायचे. त्या भीतीपायी तुझ्या बरोबरचे कितीतरी तास मी स्वयंपाकघरात घालवले.

गेल्या भाऊबीजेला मात्र तू मला अंगणात बसवलंस. कडुनिंबाखाली. माळावर पोरांकडून अंघोळीचं पाणी घालून वाढवलेले कडुनिंब आता घराच्या वर गेलेत. मी मान्य केलं, सावली दाट आहे. तू लगेच म्हणालास, "म्हणजे हरलीस?"

"नाही हरले," मी म्हटलं. "तू म्हणतोस ज्याला विचारलं त्याने जावं. ठीक आहे. पण तिथे जे पोर जन्मेल त्याला कोण विचारणार? ते जन्मापासून बंद खोलीत. उघड्यावर श्वास घ्यायचा नाही, नदी नाही, मामाचा गाव नाही. त्याने तर हो म्हटलेलं नाही."

मला वाटलं नेहमीसारखा उलट मुद्दा काढशील. "याचं उत्तर माझ्याकडे नाही," तू म्हणालास. "मी शोधतो. कळवतो."

त्यानंतर तुझी चार कार्डं आली. पाऊसपाणी, वहिनीचे गुडघे, वैशालीची बदली होणार नाही. उत्तर आलं नाही. आता येणार नाही.

तू गेल्याच्या सातव्या दिवशी आखाजी होती. आपल्या घरात सुतक, पण गावाने सण का थांबवावा. मी दारात बसले होते. समोरच्या कडुनिंबाला झोका होता. दहा-अकरा वर्षांच्या पोरी, सगळ्या या गावठाणात जन्मलेल्या, आपल्या आईच्या वेळची गाणी म्हणत होत्या. त्यांत एक मोठी पोरगी होती, सविता नावाची, तुझी विद्यार्थिनी. ती इथे आली तेव्हा सहा वर्षांची होती म्हणे. पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे, असोद्याला दिली आहे. ती झोक्यावरून उतरून माझ्याजवळ आली, तुझ्याबद्दल दोन शब्द बोलली आणि एकदम रडायला लागली. मला वाटलं तुझ्यासाठी रडते. ती म्हणाली, "आत्या, हे गाव सोडून मी कशी राहू? असं गाव दुसरीकडे नाही."

या माळाबद्दल ती बोलत होती. चुन्याने आखलेल्या प्लॉटांबद्दल.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुझं उत्तर कदाचित हेच असेल, तू ते दारात उभं केलंस, असं कोणी म्हणेल. असेल. तिथे जन्मलेलं पोर त्याच जागेला माहेर म्हणेल, त्या लाल मातीसाठी रडेल. पण मला यातच जास्त भीती वाटते. बारा वर्षांत जुनं गाव त्या पोरींच्या मनात उरलेलंच नाही. पाण्याखाली काय आहे, हे त्या विचारतही नाहीत. उद्या कुठल्या ग्रहावर एखादी पोर झोका घेईल आणि तिला ही सगळी पृथ्वी, तापी, केळीच्या बागा, आपण दोघं, आई, यांतलं काहीही आठवायचं कारण नसेल. माणूस तिथे मरेल अशी भीती मला पूर्वी वाटायची. तो तिथे मजेत राहील, ही भीती नवी आहे. ती मला तुझ्याशी बोलायची होती. तू त्यावर काय म्हणाला असतास, हे मी दहा तऱ्हांनी मनात बोलून पाहिलं. एकही वाक्य तुझ्यासारखं उतरत नाही.

वैशाली चौथ्या दिवशी पोचली होती. दहाव्याला तुझ्या अस्थी घेऊन आम्ही फुगवट्याच्या काठाला गेलो. उन्हाळा आहे, पाणी खूप खाली गेलंय. जुन्या गावचे ओटे उघडे पडलेत, भेगाळलेल्या गाळातून दगडी पायऱ्या वर आल्यात. वैशालीने विचारलं, "आपलं घर कुठलं, आत्या?" मी पाहत राहिले. मला सांगता आलं नाही. पारावरून सरळ, मग डावीकडे, एवढं आठवत होतं, पण पारच सापडेना. शेवटी तीच गाळातून पुढे गेली आणि एका जोत्यापाशी उभी राहिली. बरोबर असेल, नसेल. आम्ही तिथूनच पुढे पाण्यात उतरलो.

परत येताना बाकीचे पुढे गेले होते. मी तिला पाकिटाचं सांगितलं. सगळं, फडताळ, कागद, डाळीचा डबा. ती चालायची थांबली नाही.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"नऊ."

"मी रोज पोस्टमनला विचारत होते."

"मी ऐकत होते."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "बाबांना माहीत होतं?"

"शिक्का पाहिला होता त्यांनी."

"मला बोलले नाहीत कधी."

यापुढे ती गावठाण येईपर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालली. रात्री जेवलीही वेगळी. मी माफी मागितली होती, तिने दिली की नाही ते कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. तेराव्याच्या दिवशी दुपारी, सगळी माणसं पांगल्यावर, ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू तिथे आलीच नाहीस कधी. मी कुठे राहते, काय करते, तुला माहीतच नाही. आई महिन्याभराने माझ्याकडे राहायला येतेय. तू आधी ये. बघून जा."

तुला माहीत आहे, मी नाशिकच्या पुढे गेलेली नाही. मी म्हटलं, मला दोन रात्री गाडीत झोप लागणार नाही, तिकडची भाषा येत नाही, भात रोज खाववत नाही. ती ऐकून घेत होती. मग मी हो म्हटलं. का म्हटलं ते नीट सांगता येणार नाही. तिने पुन्हा विचारलं नसतं, एवढं कळत होतं.

माणसांनी परग्रहावर जाऊ नये, हे माझं मत आजही तेच आहे. तू नाहीस म्हणून मी ते सोडलेलं नाही. समोर कोणी नाही म्हणून आता ते नुसतं पडून आहे, इतकंच.

उद्या सकाळी भुसावळहून गाडी आहे. वहिनीने दशम्या बांधून दिल्यात. आमचे हे दोनदा विचारून गेले, नक्की ना. वैशाली म्हणाली, आत्या, तुला खिडकीची जागा देते, सगळा मुलूख बघता येईल. मी तिला सांगितलं, खिडकी नको. मला मधे बसव, दोन्ही अंगांना माणूस असू दे.

तुझी,
ताई